गुंत्याची खोली

खुर्ची पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पडली आणि खालच्या गुलाबाच्या वाफ्यात चारी पायांवर उभी राहिली. पाहुण्यांसाठी कुणी मांडून ठेवावी तशी. माळीकाकांनी झारी बाजूला ठेवली, खुर्चीवर बसून बघितलं, मग वर बघून विचारलं, टेबलही पाठवताय का. पुढे कितीतरी दिवस मुलं हे एकमेकांना सांगत होती आणि पोट धरून हसत होती. कुणाला काही लागलं नव्हतं म्हणून हसत होती.

शिक्षकांच्या खोलीत मात्र कुणाला हसू येत नव्हतं. खुर्ची ज्यांच्या कानाजवळून गेली ते गणिताचे सर अजून कान चाचपत होते, जागेवर आहे ना याची खात्री करून घेत. खुर्ची फेकणारी मुलगी आठवीतली. तिचं हजेरीतलं नाव कधीच मागे पडलं होतं, सगळी शाळा तिला वावटळ म्हणायची. एका मुलाचा दात हलवून झाला होता, एका दाराची कडी उखडून झाली होती, डस्टर तर किती उडाले त्याची गणती खडूची पूडच करू जाणे. आज ती फळ्यापाशी अडखळली, मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, आणि हाताशी होती ती वस्तू खुर्ची होती.

खोलीच्या कोपऱ्यात शिवणाच्या बाई खेळाच्या सरांची फाटलेली जाळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाईंच्या मांडीवर कायम काहीतरी फाटलेलं असायचं. उसवलेला गणवेश, दप्तराचा तुटलेला बंद, नाटकाच्या राजाचा झगा, सगळी शाळा आपापली भोकं घेऊन त्यांच्याकडे यायची आणि बाई मान वर न करता दोनच शब्द बोलायच्या, द्या इकडे. इतक्या वर्षांत ते दोन शब्द तोंडातून असे आपोआप पडायला लागले होते की, झोपेतसुद्धा कुणी काही पुढे केलं तर बाई तेच म्हणाल्या असत्या.

एकेक जण बोलत होता. कुणी म्हणालं आईवडिलांना बोलवा, कुणी म्हणालं आई परगावी कामाला असते, येणार कुठून. गणिताचे सर शेवटी उभे राहिले. म्हणाले, मोठ्या बाई, ही मुलगी आता कुणाच्या हातात राहिलेली नाही, हिचं करायचं काय ते एकदा सांगाच.

"द्या इकडे," शिवणाच्या बाई जाळीत बघत म्हणाल्या.

खोली चिडीचूप झाली. सुई दोन टाके पुढे गेल्यावर बाईंना ती शांतता ऐकू आली. मान वर केली तर सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चष्मा नाकावर सरकवून मान डोलावत होत्या.

मोठ्या बाई म्हणाल्या की ठीक आहे. सत्र संपताना शाळा समिती येणार आहे, तोपर्यंत मुलगी शिवणाच्या बाईंच्या जबाबदारीवर. तिने कुणाला एक चापट जरी मारली तरी तिचं नाव शाळेतून कमी होईल आणि तिला दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत जावं लागेल. "आणि मग माझ्याकडे रदबदली करायला यायचं नाही," त्यांनी जोडलं. "घरीसुद्धा नाही."

घरीसुद्धा, कारण मोठ्या बाई शिवणाच्या बाईंच्या थोरल्या नणंद होत्या आणि त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होत्या. शाळेत मोठ्या बाई, घरी वन्सं. दोघींनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं की शाळेचं जेवणाच्या टेबलावर आणायचं नाही. ठरवलेलं पाळायचा वन्संचा स्वभाव इतका कडक होता की शाळेत आग लागली असती तरी त्यांनी ती जेवण होईपर्यंत सांगितली नसती.

चूक झाली, मला असं म्हणायचं नव्हतं, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलंही. पण दाराच्या काचेतून त्यांना बाहेरची मुलगी दिसली. दप्तर दोन्ही खांद्यांवर घट्ट अडकवून, स्वेटरची सगळी बटणं लावून ती उभी होती. शेवटची गाडी यायची वाट बघत थांब्यावर उभं राहावं तशी. जायची तिची तयारी झालेली होती. बाईंनी तोंड मिटलं आणि दोरा दातांनी तोडला.

वावटळीची मावशी दुसऱ्या दिवशी बाईंना भेटायला आली. मावशी शहरातली बस चालवायची, आवाज घंटीसारखा खणखणीत आणि चाल अशी की मागून प्रवासी येत असावेत. मुलगी तिच्याकडेच राहायची, दोघींना एकमेकींशिवाय जवळ कुणी नव्हतं. मावशीने खुर्चीवर न बसता, टेबलाला हात टेकून सांगितलं की पोरगी वाईट नाही, घरी मांजराच्या शेपटीवर पाय पडला तर मांजराची माफी मागते. वसतिगृहात गेली तर तिथे तिचा दगड होईल. "आणि हो," दारातून वळून ती म्हणाली, "हिला मारायचं असेल तर आधी मला विचारा. मी नाहीच म्हणणार आहे, पण विचारा."

बाईंना मावशी आवडली.

शिवणाची खोली म्हणजे जिन्याखालची जुनी सामानाची खोली होती. दोन मशीन, एक कपाट, नाटकातल्या राजवाड्यातून उरलेला लाल सोफा, ज्याचा एक पाय म्हणून विटा लावल्या होत्या, आणि कोपऱ्यात एक हीटर. शाळेतला चालू असलेला हा एकच हीटर आहे हे बाईंनी कुणाला कळू दिलं नव्हतं. वावटळ सोफ्याच्या अगदी कडेला बसली, दप्तर न काढता.

बाईंनी या विषयावर कसलं शिक्षण घेतलेलं नव्हतं. शिवणही त्या पाहून पाहून शिकल्या होत्या. पण अशा वेळी काहीतरी विचारायचं असतं एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी विचारलं की तुला राग फार येतो का.

"नाही," वावटळ म्हणाली.

"मग?"

मुलीने बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, कुणाची तरी चहाडी करावी की नाही असं ठरवत असल्यासारखं. "माझा हात आधी जातो. मी मागून पोचते. तोवर झालेलं असतं."

हे बाईंना एकदम समजलं. मशीनवर नव्याने बसणाऱ्या मुलींचं हेच व्हायचं. पाय आधी धावायचा, डोळा मागून पोचायचा, आणि तोवर शिवण कापडाबाहेर गेलेली असायची. त्या मुलींना बाईंनी कधी वाईट म्हटलं नव्हतं. त्यांच्या सुईखाली बाई चिंध्या द्यायच्या, काही बिघडलं तरी चालेल अशा, एवढंच. त्या उठल्या, कपाटामागून एक पोतं ओढून काढलं आणि म्हणाल्या की तू पोचेपर्यंत हाताला धरायला काहीतरी देऊन ठेवू.

पोत्यात लोकर होती. शाळेत पूर्वी विणकाम असायचं तेव्हाची उरलीसुरली, आणि मध्यंतरी एक मांजर त्यात व्याली होती, त्यामुळे सगळ्या रंगांचा मिळून एकच अगडबंब गुंता झाला होता. बाईंना ती लोकर सुटी हवी होती, त्यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हतं. वावटळीने एक हिरवं टोक धरलं आणि ओढलं. गाठ बसली. जोरात ओढलं, गाठ गोटीएवढी झाली. मग सगळा गोळा उचलून तिने भिंतीवर फेकला. लोकरीचा गोळा भिंतीला लागला काय आणि न लागला काय, काही आवाज न करता तो घरंगळत तिच्या पायाशी परत आला.

"फेकायला चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "खुर्चीपेक्षा हलकं, आणि खाली जाऊन आणावं लागत नाही."

वावटळीला हसायचं नव्हतं. तिने ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू नाकातून बाहेर आलं. मग तिने दप्तर काढून ठेवलं.

आठवडा सरता सरता हिरवी लोकर सुटी झाली, तिचा मुठीएवढा गोळा झाला आणि तो वावटळीच्या खिशात राहायला गेला. वर्गात मागून कुणी हसलं की हात खिशात जायचा. नेहमी नाही. एकदा बाकाला लाथ बसली, एकदा पाण्याची बाटली फुटली. एकदा ती धापा टाकत जिन्याखाली आली, दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, जवळजवळ. बाईंनी तिच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला आणि सांगितलं की जवळजवळला या शाळेत काही शिक्षा नाही.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग बाईंनी एक चूक केली, ती म्हणजे त्यांनी खोली आणखी छान केली.

झालं असं की वावटळीचं बघून इतर शिक्षकही आपापले भांडखोर तिकडे पाठवायला लागले. बाईंनी नियम केला, दोघं भांडले की दोघांनी सोफ्यावर बसायचं, मध्ये एक गुंता, आणि तो सुटेपर्यंत उठायचं नाही. एक ओढायला लागला की दुसऱ्याची गाठ बसायची, मग दुसरा म्हणायचा अरे थांब ना, आणि भांडणाचा विषय बदलून लोकरीचा व्हायचा. पण थंडीचे दिवस, पोरांचे हात गारठलेले. बाईंना राहवलं नाही. त्यांनी हीटर पुढे ओढला, सोफ्यावर उश्या शिवून टाकल्या, किटलीत गरम दूध ठेवलं. बिस्किटांचा डबा तर होताच.

महिन्याभरात शाळेतली भांडणं दुप्पट झाली.

मधल्या सुट्टीत जिन्याखाली रांग लागायला लागली. पाचवीतली दोन मुलं हातात हात घालून आली आणि म्हणाली, आमचं भांडण झालंय. बाईंनी विचारलं, काय झालं. पहिला म्हणाला, ह्याने मला मारलं. कुठे मारलं, बाईंनी विचारलं. पहिल्याने दुसऱ्याकडे बघितलं. "कुठे मारलंस रे?" त्याने विचारलं. दुसऱ्याने थोडा विचार केला आणि गुडघा सुचवला.

बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण दारात आलेल्याला परत पाठवणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. शिवाय पोतं रिकामं होत आलं, त्याची वेगळीच पंचाईत. एवढी माणसं सोडवायला बसल्यावर गुंता किती पुरणार? मग बाई सुटे झालेले गोळे पिशवीत भरून घरी न्यायला लागल्या आणि यजमान ते परत गुंतवून द्यायचे. यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं, इवले इवले स्क्रू फिरवून बोटं इतकी नाजूक झालेली की त्यांनी केलेला गुंता बघत राहावा. नाश्ता करता करता ते एक लाल, एक पांढरा असे गोळे घेऊन बसायचे आणि म्हणायचे, हा आठवीसाठी केलाय, अवघड आहे, लहानांना देऊ नकोस.

एका संध्याकाळी जेवताना वन्संनी हातातली वाटी खाली ठेवली. मग त्यांनी भाऊरायाकडे बघून बोलायला सुरुवात केली, कारण भावजयीशी शाळेचं बोलायचं नव्हतं. म्हणाल्या, "तुझ्या बायकोला सांग, मी काही बोलत नाहीये. पण एखाद्या शाळेत समिती आली, आणि जिन्याखाली मारामारी करणाऱ्यांची रांग दिसली, तर समिती काय म्हणेल? म्हणेल की शाळेचा आखाडा झालाय. आणि मग नाव कुणाचं आधी कमी करतील?"

यजमानांनी तोंडातला घास गिळला, बायकोकडे वळले आणि म्हणाले की ताई काही बोलत नाहीये.

बाईंनी हातातली पोळी ताटात परत ठेवली. ज्या मुलीने त्या खुर्चीनंतर कुणाला बोट लावलं नव्हतं, तिचं जाणं आता दूध-बिस्किटांवर येऊन ठेपलं होतं, आणि दूध बाईंनीच तापवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे वावटळीला जसंच्या तसं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, पोरगी घाबरेल. ती चिडली. तिने दार उघडून बाहेरची रांग वरपासून खालपर्यंत बघितली आणि दार लावून घेतलं.

"हे सगळे खोटारडे आहेत," ती म्हणाली. "एकाचंही खरं नाही."

तुला कसं कळतं, बाईंनी विचारलं. वावटळीने बाईंकडे कीव आल्यासारखं बघितलं. खरं भांडून आलेल्याचे कान लाल असतात, तिने सांगितलं, आणि ते लवकर उतरत नाहीत. खरा माणूस बिस्किटांकडे बघत नाही. आणि सगळ्यात मोठी खूण, खरा आल्या आल्या सांगतो की सुरुवात दुसऱ्याने केली. "दोघांचीही चूक आहे असं कुणी म्हणालं, की समजायचं, त्याला दूध हवंय."

दुसऱ्या दिवसापासून वावटळ दाराबाहेर स्टूल टाकून बसायला लागली. येईल त्याचे कान बघायची, एकदोन प्रश्न विचारायची आणि म्हणायची, खोटं आहे, जा. तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, आणि वाद घातलाच तर तो खरा ठरून आत जायची सोय होईल अशी आशा ज्यांना होती, त्यांच्याकडे ती इतक्या थंडपणे बघायची की ते आपोआप जिना चढून जायचे. रांग चार दिवसांत ओसरली. आता दाराशी येत ते खरे येत. एकदा दुसरीतली एक चिमुरडी एकटीच आली. कुणाशी भांडलीस, वावटळीने विचारलं. चिमुरडी म्हणाली, कुणाशीच नाही. वावटळीने वाकून तिचे कान बघितले, लालबुंद होते. तिने दार उघडून दिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खिशातला हिरवा गोळा काढून तिच्या हातात ठेवला.

म्हणजे समिती आली त्या दिवशी वावटळीच्या खिशात काही नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं.

समितीत तिघे होते. अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक, भरदार माणूस, जाईल तिथे दारं-खिडक्या टिचक्या मारून बघणारा. एक डॉक्टरीणबाई. आणि एक गृहस्थ, जे काही बोलत नसत आणि त्यामुळे सगळे त्यांनाच जास्त घाबरत. मोठ्या बाई त्यांना सगळी शाळा दाखवत होत्या. ठरल्याप्रमाणे आठवीच्या वर्गात गणिताचे सर त्यांना एक नमुन्याचा पाठ शिकवून दाखवणार होते. सरांनी त्यासाठी फळा रंगीत खडूंनी सजवला होता, नवी टाय बांधली होती.

पाठाची वेळ झाली तेव्हा वर्गात कुणीच नव्हतं. खेळाच्या सरांनी पाहुण्यांना सलामी द्यायला म्हणून, जिन्याखाली स्टुलावर बसलेली वावटळ सोडून, आख्खी आठवी मैदानावर नेली होती. या दोघांचं हे दुखणं जुनं. सामने आले की खेळाचे सर मुलं न्यायचे, आणि न्यायचे ती नेमकी गणिताच्या तासाची. इतकी वर्षं गणिताचे सर फक्त नाक मुरडत होते. आज त्यांनी खडू खाली ठेवला आणि ते जिना उतरले.

दोघांची गाठ पडली ती शिवणाच्या खोलीसमोर. शब्दाने शब्द वाढला. मैदानावरून परतलेली आठवी मागे गोळा झाली, आणि आवाज ऐकून मोठ्या बाई समितीला घेऊन जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. गणिताच्या सरांनी खेळाच्या सरांच्या गळ्यातली शिट्टीची दोरी धरली. शिट्टी नेमकी खेळाच्या सरांच्या तोंडात होती, त्यामुळे त्यांचं सगळं म्हणणं शिट्टीतून बाहेर येऊ लागलं. त्यांनी दोरी हिसकली, गणिताच्या सरांचं कोपर मागे गेलं, स्टूल उलटलं आणि वावटळ सगळ्या आठवीच्या देखत फरशीवर आपटली.

आणि मागून कुणीतरी हसलं.

बाई दारात होत्या, दोन्ही हातांत तापलेली किटली. त्यांनी वावटळीला उठताना पाहिलं. तिचा उजवा हात आधी खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. मग मूठ वळली, वर गेली. हसणारा मुलगा तिच्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्याने डोळे मिटून घेतले होते. बाईंना किटली टाकूनही देता येईना, बाजूला चिमुरडी उभी होती. समिती बघत होती. खेळाच्या सरांची शिट्टीसुद्धा थांबली.

हात वर होता. आणि वरच राहिला.

वावटळीने मान वळवून आपल्या त्या हाताकडे बघितलं. ठरल्या जागी आपल्या आधी येऊन थांबलेल्या माणसाकडे बघावं, तसं. मग एकेक करून बोटं उघडली.

"पोचले, बाई," ती हळूच म्हणाली.

एवढं फक्त बाईंनाच कळलं. बाईंच्या किटलीतलं थोडं दूध फरशीवर सांडलं, त्याबद्दल त्यांना पुढेही कधी वाईट वाटलं नाही.

वावटळीने स्कर्ट झटकला, स्टूल सरळ केलं आणि दोन्ही सरांच्या जवळ गेली. आधी एकाचे कान बघितले, मग दुसऱ्याचे. "खरं आहे," तिने निकाल दिला. "आत चला. दोघंही."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, किंवा इतके दिवस येताजाता तेच शब्द कानांवर पडल्याची सवय असेल, दोघं गेले. मुकाट्याने, ओळीने, दारात वाकून. लाल सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. वावटळीने पोत्यात हात घालून यजमानांनी आठवीसाठी म्हणून केलेला गुंता काढला आणि त्यांच्या मध्ये ठेवला.

"सुरुवात यांनी केली," गणिताचे सर म्हणाले.

"मी? सुरुवात यांची आहे. मागच्या वर्षीपासून," खेळाचे सर म्हणाले.

वावटळ बाईंकडे वळली. तिने फक्त भुवई उडवली.

हसणारा मुलगा अजून डोळे मिटूनच उभा होता. चिमुरडीने त्याचा सदरा ओढून त्याला सांगितलं की झालं, आता उघड. जिन्यावरून पहिल्यांदा हसल्या त्या डॉक्टरीणबाई. मग अध्यक्ष हसले, ते हसले की वखारीतल्या फळ्या कोसळल्यासारखा आवाज व्हायचा. त्या आवाजाने आठवी सुटली, आणि मग सगळा जिनाच हसायला लागला. हसण्याचा इतका मोठा आवाज वावटळीने याआधी कधी आपल्या बाजूने ऐकला नव्हता. ती स्टुलावर बसून राहिली, कान लाल करून, पण तो लाल रंग वेगळा होता.

अध्यक्षांनी मग ती उडालेली खुर्ची बघायला मागितली. माळीकाका ती द्यायला तयार नव्हते, वाफ्यातच तिचा त्यांना उपयोग व्हायला लागला होता, पण आणली. अध्यक्षांनी ती उलटीसुलटी केली, पाय हलवून बघितले आणि म्हणाले, एवढ्या उंचीवरून पडून एक खिळा ढिला नाही, शाळेचं सामान चांगलं आहे. मग त्यांनी खोलीत डोकावून गणिताच्या सरांना विचारलं की यात तक्रार मूळ तुमची, तर मुलीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे.

सरांच्या दोन्ही अंगठ्यांना लाल लोकर गुंडाळलेली होती आणि टायचं टोक गाठीत अडकलं होतं, ते खेळाचे सर जिभेचं टोक बाहेर काढून सोडवत होते. सरांनी मान वर केली नाही. "मला जरा वेळ लागेल," ते म्हणाले. "सुटेपर्यंत उठायचं नाही, असा इथला नियम आहे. तिला राहू द्या, नियम तिला नीट माहीत आहेत."

न बोलणारे गृहस्थ तेवढ्यात पहिल्यांदा बोलले. त्यांनी विचारलं की दूध फक्त भांडणाऱ्यांनाच मिळतं का.

शाळा सुटायच्या वेळी मावशीची बस फाटकासमोरच्या थांब्यावर लागायची. मावशीला गाडी सोडून खाली येता येणार नव्हतं, म्हणून आधीपासून ठरलेलं होतं की शाळेत नाव राहिलं तर वावटळीने वरच्या खिडकीतून हाताने खूण करायची. बस थांबली तेव्हा ती त्याच खिडकीत उभी होती, जिथून खुर्ची गेली होती. बाई तिच्या मागे होत्या. मावशी काचेतून मान वाकडी करून वर बघत होती, प्रवासी चढत होते, सुटे पैसे देत होते आणि तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

वावटळीने उजवा हात वर केला आणि जोरजोरात हलवला.

मावशीने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. माळीकाकांची झारी हातातून पडली. बसमधल्या एका म्हातारबाबांनी कानांवर हात ठेवून विचारलं असावं की काय झालं, कारण मावशी मागे वळून काहीतरी म्हणाली, आणि मग बसमधले सगळेच खिडक्यांतून वर बघून हात हलवायला लागले, ओळख ना देख.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नेहमीसारखं कुणी शाळेचं बोलत नव्हतं. बाई वाढत होत्या, यजमान खात होते. जेवण झाल्यावर यजमानांनी पिशवीतून दोन सुटे गोळे काढले आणि उद्याच्या तयारीला लागले. वन्सं उठल्या नाहीत. थोडा वेळ त्यांनी भावाच्या बोटांकडे बघितलं, मग हात लांब करून निळा गोळा उचलला आणि दोन्ही मुठींत धरून जोराने चुरगाळला.

"ताई, असं नाही करत," यजमान म्हणाले. "गाठी बसतात त्याने. नुसतं हलवत राहायचं, सैल हाताने."

वन्संनी सैल हाताने हलवून बघितलं. जमत होतं. चष्म्यावरून त्यांनी भावजयीकडे पाहिलं. नजर थेट, मध्ये भाऊ नाही.

"शाळेचं घरी बोलायचं नाही, ते तसंच राहील," त्या म्हणाल्या. "पण अगं, त्या दोघांचं उद्याही सुटणार नाही असं दिसतंय. थोडं जास्त करून ठेवू या."